‘ळ’चा खण

छापखाना बंद झाला तेव्हा अप्पांनी
थकलेल्या पगाराऐवजी एक केस उचलून आणली,
खिळ्यांची, सागवानी, शंभरावर खणांची,
टॅक्सीच्या टपावर बांधून, गिरगाव ते विक्रोळी.
आई म्हणाली, याहून कोर्टाची केस परवडली असती.

वीस वर्षं ती पलंगाखाली पडून.
अप्पा गेले, आई गेली,
भंगारवाल्यानं सरपणाच्या भावात मागितली.

या मे महिन्यात मी तिला बाहेर ओढलं,
धुण्याच्या सोड्यानं तीनदा पुसलं.
घासायचं नाही म्हणाली मृण्मयी, शिशाची धूळ उडेल.
लेक माझी केमिस्ट्रीवाली.
तोंडाला ओढणी बांधून वॉर्निशचे दोन हात.
आणि खायचं काही ठेवायचं नाही यात, आई,
लवंगसुद्धा नाही.
बरं बाई.

फ्रिजशेजारच्या भिंतीवर चार अँगल मारून उभी केली
तशी घरातली सगळी हरवणारी मंडळी
तिच्यात बिऱ्हाड करून राहिली.
‘क’च्या ऐसपैस घरात किल्ल्या,
‘र’मध्ये रबरबँड, ‘ट’मध्ये टाचण्या,
काना-मात्रांच्या चिंचोळ्या खोल्यांत
वाढदिवसाच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या.
‘ङ’मध्ये गॅसची पावती,
दोघांची गरज सारखीच, कधीमधी.
‘ज्ञ’ रिकामा. सुचत नाही.

ओव्हन नाही आमच्याकडे. ठेवणार कुठे?
कुकरची शिट्टी काढायची, गास्केट काढायची,
तळाला वाटीभर जाडं मीठ, त्यावर जाळी,
दहा मिनिटं नुसताच तापू द्यायचा.
दीड वाटी कणीक, दही, तेल,
चिमूटभर सोडा, हा खायचा,
आणि गूळ, किसून.

गूळ किसताना हात थांबला.

छापखान्यात प्रत्येकाला रोज गुळाचा खडा मिळायचा.
मालक म्हणत, शिसं उतरतं त्यानं.
अप्पा तो खात नसत.
प्रुफाच्या कागदात गुंडाळून घरी आणत,
माझ्यासाठी.
खडा जिभेवर धरून मी कागद वाचायची,
कुणाकुणाचे चि. आणि सौ. कां.,
लाल शाईनं सुधारलेले ऱ्हस्व-दीर्घ.
पहिली ते सातवी. रोज.

परवा मृण्मयीला विचारलं, सहज विचारल्यासारखं.
गुळानं काही उतरत नाही गं, म्हणाली,
उगाच सांगायचे.

म्हणजे मी त्यांचं काही खाल्लं नाही.
की खाल्लंच?
त्यांना कुठे माहीत होतं
की उतरत नाही?

चाळीस मिनिटं. मंद आच.
सुरी खुपसून पाहिली, कोरडी आली.
केक ताटात उलटा पाडायचा असतो,
आणि उलटं वाचणं ही अप्पांची नोकरी होती.
मला नाही जमलं.
निम्मा केक ताटात, निम्मा भांड्याला,
बुडाला काळा पट्टा, छपाईत शाई जास्त झाल्यासारखा.
टिपणीसबाई दारातून म्हणाल्या, ढोकळा का?
खाऊन मात्र दुसरा तुकडा मागितला.

एक सांगायचं राहिलं.
पुसताना एका कोपऱ्यात
एक खिळा अडकलेला सापडला होता, सुईनं उकरून काढला:
‘ळ’.
उजेडात उलटसुलट धरून पाहिला,
कसाही धरला तरी जवळजवळ ळच.
इतक्या घाईत केस रिकामी करताना
हा एकटाच कसा मागे राहिला, कोण जाणे.

होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत घातला,
बूच घट्ट लावलं,
त्याच्याच खणात परत ठेवला.
वर मृण्मयीच्या अक्षरात चिठ्ठी:
खायचं नाही.